चक्कीच्या पुकपुकीतला बेस

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावाच्या टोकाला पूर्वी डिझेल इंजिनावर चालणारी पिठाची चक्की होती. इंजिन सुरू झालं की नळीतून पुक, पुक, पुक असा आवाज निघायचा आणि धानाच्या बांध्या ओलांडून पार दुसऱ्या गावापर्यंत जायचा. चक्की लागली हे कुणाला सांगावं लागत नसे. त्या आवाजावर बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या.

ते जुन्या धाटणीचं, मिनिटाला ६५० फेरे घेणारं इंजिन. अशा इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा बार होतो. म्हणजे मिनिटाला ३२५ पुक, सेकंदाला पाचांपेक्षा थोडे जास्त. कानाला ते वेगळे मोजता येतात. आता मनातल्या मनात ते इंजिन दहापट वेगानं फिरवा. सेकंदाला ५४ पुक झाले. आता मोजणं संपलं. सुटे ठोके ऐकू येत नाहीत, त्यांचा मिळून एक जाड, सलग सूर झालेला असतो. बेस गिटारची 'ए'ची तार मोकळी छेडली तर सेकंदाला ५५ कंपनं होतात. म्हणजे चक्कीच्या पुकपुकीत बेसचा, गाण्याच्या तळाशी वाजणारा खालचा जाड सूर दडलेलाच होता, फक्त सावकाश चालत होता.

मी पूर्व विदर्भातल्या वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांना संगीताची साथ करतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की रात्रभर नाटकं. कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की तिथेही. ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड हे आमचं नेहमीचं. काही वर्षांपासून मी सोबत लॅपटॉप ठेवतो आणि त्यातल्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर, म्हणजे सूर घडवणाऱ्या प्रोग्रामवर, बेस वाजवतो. लोक मला विचारतात, त्या डब्यात बेस येतो कुठून? आज तेच सांगायचं आहे.

सुरुवात ऑसिलेटरपासून, म्हणजे मूळ सूर काढणाऱ्या भागापासून. ते आपलं इंजिन. सॉफ्टवेअरमध्ये ना तार असते, ना कातडं. लॅपटॉप फक्त आकडे मोजतो, साधारणपणे सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि त्या आकड्यांप्रमाणे स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. सेकंदात ५५ वेळा तोच आकार पुन्हा काढला की ५५ कंपनांचा सूर झाला. पण आकार कोणता, यावर आवाजाची जात ठरते. गुळगुळीत लाट काढली तर एकच शुद्ध सूर मिळतो, मऊ आणि जरा मुका. करवतीच्या दातासारखी लाट काढली, हळूहळू चढणारी आणि एकदम पडणारी, तर ५५च्या सोबत ११०, १६५, २२० असे सगळे पटीतले सूर वाजतात, वर जाताना क्षीण होत होत. तो आवाज खरखरीत आणि भरलेला असतो. चौकोनी लाटेत यांतले फक्त विषम पटीतले सूर येतात, ५५, १६५, २७५ असे, म्हणून तो पोकळ लागतो, बांबूच्या पोंग्यातून आल्यासारखा. बहुतेक सिंथमध्ये याच्या खाली आणखी एक सप्तक उतरून वाजणारा सब-ऑसिलेटरही असतो. त्याला जपून हात लावावा. का, ते पुढे येईल.

आता फिल्टर. माझ्या मते बेस खरा घडतो तो इथे, आणि तो समजून घ्यायला लॅपटॉप लागत नाही. जिथे बसला असाल तिथे एक खालचा सूर धरा आणि 'ऊ' म्हणा. सूर न बदलता हळूहळू 'ओ'वर या, मग 'आ'वर. गळा तोच, सूर तोच. बदललं फक्त तोंड. 'ऊ' म्हणताना ओठ मिटत आले होते, वरचे पटीतले सूर आतच अडले होते. 'आ' म्हणताच ते बाहेर आले आणि आवाज उजळला. गळा म्हणजे ऑसिलेटर, तोंड म्हणजे फिल्टर.

सिंथमधला फिल्टर अशीच एक सीमा आखतो. तिच्या खालचे सूर जाऊ देतो, वरचे दाबतो. ही सीमा म्हणजे कटऑफ. अमेरिकेत सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांनी १९६०च्या दशकात ट्रान्झिस्टर या विजेच्या लहान भागांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून जो फिल्टर केला, त्याची नक्कल आज कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये सापडते. त्याचा उतार फार खडा आहे. सीमेच्या वर दर सप्तकाला आवाज सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येतो. करवतीच्या लाटेला असा फिल्टर लावून कटऑफ खाली आणला की खरखर निवते आणि आत दडलेला गोल, जाड बेस हाती लागतो. शिल्पकार दगड काढून टाकत जातो, तसंच हे काम आहे. म्हणूनच मी सुरुवात नेहमी करवतीपासून करतो. लाटेत मुळात जे नाही, ते फिल्टर आणून देऊ शकत नाही.

कटऑफच्या शेजारी रेझोनन्सचा नॉब असतो. माठ भरताना ऐकलं असेल. पाणी वर चढतं तसा माठातला आवाजही वर चढत जातो, कारण आत उरलेली हवा ठरावीक सुरालाच साथ देते आणि हवा कमी झाली की तो सूर वर सरकतो. रेझोनन्स वाढवला की फिल्टर आपल्या सीमेजवळच्या सुरांना अशीच साथ देतो, आणि कटऑफ फिरवला की तो उठलेला सूर माठासारखा चढतो-उतरतो. मूगसारख्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढत गेला की खालचा बेस मात्र पातळ होतो. नव्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. शिटी हवी की जाडी, हे आधी ठरवावं लागतं.

या दोन नॉबांवर संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं लहानसं यंत्र काढलं. तादाओ किकुमोतो यांनी रचलेलं. एकट्या वादकाला बेस गिटारवाल्याची साथ मिळावी, हा हेतू. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा लागला नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं आणि ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. मग शिकागोच्या तरुणांनी ती घेतली, वाजता वाजता कटऑफ आणि रेझोनन्स फिरवले, आणि त्या चिवचिवत्या, वळवळत्या बेसवरच्या नाचाच्या संगीताला अॅसिड हाऊस हे नाव पडलं. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी याच यंत्राचा बेस आणि रोलँडचीच आणखी दोन यंत्रं घेऊन राग वाजवले होते. त्या काळी त्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ते ऐकताना अभिमान वाटतो. पुढे १९९७ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीनं हे यंत्र संगणकावर आणलं. आज माझ्या लॅपटॉपवर वाजतो तो बेस त्याच घराण्यातला.

टीबी-३०३ मध्ये रागाला जवळची वाटणारी एक गोष्ट आहे, स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणं. आपला तबलजी डग्ग्यावर थाप देऊन मनगट दाबत पुढे सरकवतो आणि 'घे' या बोलाचा सूर वर चढत जातो, अगदी तसंच. घसरताना दुसऱ्या सुराची थाप नव्यानं पडत नाही. पहिल्या थापेच्या श्वासातच तो येतो.

आता थापेबद्दल. सूर कसा उठतो आणि कसा विरतो, हे एन्व्हलप ठरवतं. देवळातली घंटा एकदम उठते आणि हळूहळू विरते. ऑर्गन पट्टी दाबली तोवर सारखाच राहतो, सोडली की थांबतो. सिंथमध्ये उठणं, उतरणं, टिकणं आणि सोडल्यावर विरणं या चारींचे वेगळे नॉब असतात. हेच एन्व्हलप फिल्टरलाही जोडता येतं. मग प्रत्येक सूर 'आ'नं उघडतो आणि 'ऊ'वर मिटतो. बेसला ठोका येतो तो बहुतेक वेळा यातून.

सब-ऑसिलेटरचं सांगायचं राहिलं होतं. एका मंडईत मी फार कष्टानं एक बेस बसवला होता. शुद्ध, खोल, जवळजवळ एकटा खालचाच सूर. हेडफोनवर तो अंगावर यायचा. रात्री नाटक सुरू झालं आणि मैदानात बेसच नाही. झाडाला बांधलेल्या कर्ण्यांतून गाणं येत होतं, तबला येत होता, माझा बेस नाही. आमचे म्हातारे तबलजी, त्यांना सगळे आबाजी म्हणतात, मला म्हणाले, "काहून गा, तुया बेस कुठी गेला?"

कर्णा दोन-तीनशे कंपनांच्या खाली जवळजवळ मुका असतो. ५५चा सूर त्याच्यातून निघणारच नव्हता. उपाय मला दुसऱ्या दिवशी कळला, आणि तो तुम्ही या क्षणी ऐकत आहात. तुमच्यापैकी कुणाचा रेडिओ हातात मावेल एवढा असेल. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो. एवढासा स्पीकर तो नीट वाजवू शकत नाही. तरीही माझा आवाज तुम्हाला पुरुषाचाच वाटतो, कारण त्याचे वरचे पटीतले सूर पोहोचतात आणि त्यांच्यामधल्या अंतरावरून तुमचा मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच जुळवून घेतो.

म्हणून मी सब-ऑसिलेटर निम्मा केला, करवतीची लाट परत आणली, कटऑफ थोडा उघडला आणि वरून थोडा ओव्हरड्राइव्ह दिला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे लाटेचे शेंडे दाबून चपटे करणं. त्यानं नवे पटीतले सूर जन्माला येतात. हेडफोनवर हा बेस मला ओबडधोबड वाटला. मैदानात मात्र शेवटच्या रांगेतल्या, घोंगडी पांघरून बसलेल्या माणसापर्यंत तो गेला. आवाज मी एका रेषेनंही वाढवला नव्हता. छाती दडपेल एवढ्या मोठ्या आवाजात जे वाजवतात, त्यांच्याजवळ उभं राहिलं की मला तीच रात्र आठवते.

पण आबाजी खूश नव्हते. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "आला गा आता. पण तो जातच नाई. माया डग्गा त्याच्याखाली बुडते." त्यांनी डग्गा पुढे ओढला, एक 'घे' वाजवला आणि घुमारा पूर्ण विरेपर्यंत हात वर धरून ठेवला. मी लॅपटॉप उघडला आणि सोडल्यावर विरण्याचा नॉब जवळजवळ शून्यावर आणला, म्हणजे बोट उचललं की बेस गप्प. दुसरा अंक सुरू झाला. बेसच्या दोन सुरांमध्ये मोकळी जागा पडत होती, आणि तिथे आबाजींचा डग्गा घुमत होता.

नमस्कार.