किती झाले?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

आधी घड्याळ बघून घेते. सातचं व्याख्यान सात पस्तीसला सुरू होतंय आणि साडेआठला हॉल रिकामा करायचा आहे, असं मला जिन्यातच बजावलंय. फळ्यावर विषय लिहिलाय ‘अमेरिकेची आरोग्यव्यवस्था : एक ओळख’. न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा विषय शिकवते. पंधरा आठवडे, आठवड्यातून दोन तास, आणि तरी शेवटचं प्रकरण दरवर्षी राहतंच. इथे माझ्या हातात पंचावन्न मिनिटं आहेत, त्यातली दोन गेली.

मुलगा, मुलगी, भाचा, कोणीतरी अमेरिकेत आहे अशांनी जरा हात वर करा. बापरे. आणि तिकडे जाऊन सहा महिने राहून आलेत असे? म्हणजे निम्मा अभ्यासक्रम तुमचा झालेला आहे. ‘मला तिकडं आजारी पडू देऊ नको रे देवा’ हे तुम्ही विमानात बसतानाच म्हटलेलं असणार.

आत्ता तुम्ही मला शाल आणि हा नारळ दिलात. नारळावरूनच सुरू करते, कारण माझं या विषयातलं खरं शिक्षण नारळानेच झालं.

गणेश चतुर्थीची सकाळ. आई आमच्याकडे आलेली, वय एकाहत्तर. मोदक करायचे होते. मी फ्रीजरमधलं खवलेल्या खोबऱ्याचं पाकीट काढलं, तर म्हणाली, “बर्फातलं खोबरं बाप्पाला?” मग देशी दुकानातून आणलेला नारळ निघाला. घरात कोयता नाही. आमचे हे खाली गॅरेजमधून हातोडी आणायला गेले. तेवढा धीर कुठला! आईने खणातला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, नारळाच्या डोळ्यावर टेकवला आणि वर वरवंट्यासारखं काहीतरी मारलं. नारळ शाबूत राहिला. स्क्रू-ड्रायव्हर सटकला तो सरळ डाव्या तळहातात.

पंच्यात रक्त थांबेना, म्हणून गाडी काढली आणि जवळच्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन कक्षात गेलो. नाव सांगत नाही, त्यांचे वकील चांगले आहेत. चार तास बसलो. एक मुलगी चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर ढकलत आली. नाव, जन्मतारीख, विमा, सही, सही, सही. आईने उजव्या हाताने बटवा काढून मांडीवर ठेवलेला. मला म्हणाली, “किती झाले विचार गं.”

आता हा प्रश्न तुम्हाला समजावून सांगायला नको. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात नाडी बघून झाली, गोळ्यांच्या पुड्या मिळाल्या, की उठता उठता आपण काय म्हणतो? “डॉक्टर, किती झाले?” आणि डॉक्टर मान वर न करता आकडा सांगतात. कधी “राहू दे, पुढच्या वेळी बघू” असंही म्हणतात. आईच्या हिशेबी औषधोपचार या प्रश्नाने संपतो. तो विचारल्याशिवाय उठणं म्हणजे हॉटेलातून पैसे न देता पळणं.

मी विचारलं. त्या मुलीला माहीत नव्हतं. नर्सला माहीत नव्हतं. टाके घालणारा डॉक्टर मोठा गोड पोरगा होता, म्हणाला, “खरं सांगतो, मला कल्पना नाही.” मी भाषांतर केल्यावर आई म्हणाली, “शिवतो हा, आणि शिलाई ह्यालाच ठाऊक नाही?”

हसलात, बरं झालं. माझा वर्ग या वाक्याला हसत नाही. एक तर शिलाईचा विनोद इंग्रजीत जात नाही आणि दुसरं, डॉक्टरला भाव माहीत नसणं त्यांना विचित्रच वाटत नाही.

पाच टाके घालून आम्ही घरी आलो. मोदक झाले, बर्फातल्या खोबऱ्याचे. तीन आठवड्यांनी पहिलं पाकीट आलं. वर ठळक अक्षरांत छापलेलं : ‘हे बिल नाही.’ आई म्हणाली, “बिल नाही तर पाठवलं कशाला?”

मंडळी, मी त्या वेळी हा विषय तीन वर्षं शिकवत होते. चान्सलर बिस्मार्कने जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारविमा आणला, इथून माझं पहिलं व्याख्यान सुरू व्हायचं. आणि ते पत्र काही मला वाचता येईना. चार रकाने होते. हॉस्पिटलने मागितले इतके, विम्याच्या मते रास्त इतके, विम्याने भरले इतके, तुमच्यावर येतील असे इतके. त्याला तिकडे ईओबी म्हणतात, म्हणजे विमा कंपनीने तुम्हाला लिहिलेला खुलासा. खुलाशाचाही खुलासा लागतो.

मग आणखी पाकिटं. हॉस्पिटलच्या जागेचे आणि यंत्रणेचे २,८४० डॉलर. डॉक्टरचे वेगळे ११६५, कारण तो गोड पोरगा हॉस्पिटलचा नोकर नव्हताच. डॉक्टरांच्या एका कंपनीचा होता आणि ती कंपनी आपलं बिल स्वतः पाठवते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे २१२. एकूण ४,२१७ डॉलर. आईचा विमा आम्ही इथूनच काढलेला, स्वस्तातला. त्यात आपत्कालीन कक्षाला ठरीव ३५० डॉलर मिळतात. ते मिळाले. उरले ३,८६७. आईने रुपये किती विचारलं. मी सांगितलं नाही.

यापुढचे दोन महिने मी फोनवर होते. अकरा फोन. दर वेळी तीच सतार वाजायची आणि मग नवीन माणूस पहिल्यापासून जन्मतारीख विचारायचा. अकराव्या फोनवरची बाई अनुभवी असावी. ती म्हणाली, “तुम्ही स्वतः रोख भरणार असाल तर कमी करता येईल.” किती? “आज भरताय?” मी म्हटलं, आज. सगळं मिळून १,४०० वर आलं. कायदा नाही, अर्ज नाही, कागद नाही! मंडईत मेथीची जुडी घेताना आपण निघून जायचं नाटक करतो आणि मागून “ओ ताई, या” येतं, तसंच अगदी. फरक एवढाच की मेथीवाली भाव आधी सांगते.

त्या हिवाळ्यात मी अभ्यासक्रम बदलला. बिस्मार्क चौथ्या आठवड्यात गेला. पहिल्या दिवशी मी नाव खोडलेलं ते पत्र वाटते आणि विचारते, किती झाले? माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि तेवढ्यासाठी मी इथे आले : अमेरिकेची आरोग्यव्यवस्था समजायची असेल तर हा एक प्रश्न धरून चालत राहावं आणि त्याचं उत्तर कोणालाच का देता येत नाही ते बघावं. हॉस्पिटलकडे भावांची एक हजारो ओळींची यादी असते, चार्जमास्टर नावाची. पण तो यादीतला भाव म्हणजे हापूसच्या पेटीचा मुंबईच्या पाहुण्याला सांगितलेला भाव. विमा कंपन्यांनी घासाघीस करून आपापले भाव ठरवलेले असतात, सरकारी योजनेचा आणखी वेगळा असतो. एकाच गुडघ्याचा एकाच यंत्रावर एमआरआय, आणि भाव डझनभर. यादीतला पूर्ण भाव लागतो कोणाला? ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला. म्हणजे आईला.

२०२१ पासून हॉस्पिटलांनी हे भाव जाहीर करायचे असा नियम आहे. मी मुलांना गृहपाठ देते, फोन करून गुडघ्याच्या एमआरआयचा भाव काढा. एका मुलीने एकाच ठिकाणी तीनदा फोन केला आणि तीन आकडे आणले. तिला मी पूर्ण गुण दिले.

एक गंमत सांगते, मग मुद्द्यावर येते. बिलासाठी प्रत्येक दुखण्याला संकेतांक लागतो. २०१५ पासून तिकडे जी यादी चालते तिच्यात सत्तर हजारांच्या आसपास संकेतांक आहेत. बदकाची धडक बसली तर वेगळा, बदक चावलं तर वेगळा. बिनविजेच्या हत्याराने लागलं तर त्याचाही आहे, तो आईला लागला. आणि झेड त्रेसष्ट पॉइंट एक. हा काय असेल? ‘सासरच्या माणसांशी संबंधातील अडचणी.’ थांबा, थांबा. त्या दोघी काकू एकमेकींकडे बघून हसतायत. सासूबाई आणि सूनबाई शेजारी बसल्यात की काय?

चिठ्ठी आली. ‘बारा मिनिटे.’ झालं. म्हणजे फळ्यावरचा विषय आता बारा मिनिटांत.

तर पळत पळत. १९२९, टेक्सासमधलं डल्लास. बेलर हॉस्पिटलने तिथल्या शिक्षकांना सांगितलं, महिन्याला ५० सेंट भरा, आजारी पडलात तर २१ दिवस इथे राहा. पुढे ब्लू क्रॉस नावाचा जो आरोग्यविमा वाढला त्याचं हे मूळ. मग युद्ध. १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवले. कारखान्यांना माणसं हवीत आणि पगार तर वाढवता येत नाही, मग विमा देऊ लागले, कारण तो पगारात धरला जात नव्हता. १९५४ च्या करकायद्याने पक्कं केलं की मालकाने भरलेल्या हप्त्यावर कर नाही. झालं, आजारपण नोकरीला बांधलं गेलं ते आजतागायत. आज सुमारे १५ कोटी लोकांचा विमा नोकरीतून येतो. तुमच्या मुलाची नोकरी जाते तेव्हा तो आधी पगाराचं बोलत नाही, विम्याचं बोलतो, ते यामुळे. नोकरी सुटल्यावर तोच विमा साधारण १८ महिने स्वतःच्या खर्चाने चालू ठेवता येतो, त्या कायद्याचं नाव कोब्रा. हप्ता बघितल्यावर नाव पटतं.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये सगळ्या देशासाठी विमा मागितला. डॉक्टरांच्या संघटनेने तो पाडला. वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन त्यांच्या शेजारी बसून सही केली आणि पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड आलं. १९८६ मध्ये कायदा झाला की आपत्कालीन कक्षात आलेल्याला पैशांसाठी परत पाठवायचं नाही, तपासायचं आणि स्थिर करायचं. म्हणून आईला कोणी आधी डिपॉझिट मागितलं नाही, ते आपल्याकडे मागतात. २०१० मध्ये ओबामांचा कायदा. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, सव्विसाव्या वर्षापर्यंत मूल आईबापांच्या विम्यावर. २०२२ पासून तो गोड पोरगा विमा कंपनीच्या जाळ्याबाहेरचा, म्हणजे तिच्याशी करार नसलेला, निघाला म्हणून विमाधारकाला वाढीव बिल लावता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र या केंद्रीय कायद्यातून सुटली आहे. का, ते विचारू नका, वेळ नाही.

एवढं सगळं असून २०२३ मध्ये खर्च माणशी १४,५७० डॉलर, देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७.६ टक्के, आणि तरी अडीच कोटींहून जास्त लोक विम्याविना. प्रत्येक कायदा आधीच्याने ठेवलेल्या भोकावर लावलेलं ठिगळ. लोक गोधडी म्हणतात. गोधडी निदान एका आजीने शिवलेली असते, तिला माहीत असतं कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा. इथे पैसे भरणारा एक, उपचार ठरवणारा दुसरा, घेणारा तिसरा, आणि भाव ठरवणारे चौथ्या इमारतीत. म्हणून कोणी उत्तर देत नाही.

डिडक्टिबलचं उदाहरण राहिलं, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. पटकन. डिडक्टिबल २,०००, त्यापुढे तुमचे २० टक्के. मान्य बिल १२,०००. पहिले २,००० तुमचे, उरलेल्या १०,००० चे २० टक्के म्हणजे २,००० तुमचे. एकूण ४,०००. आणि हप्ता दरमहा भरलेला तो निराळाच. जानेवारीला पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिकडचे लोक गुडघा डिसेंबरात बदलून घेतात.

आपल्याकडे बरं आहे असं मी म्हणत नाहीये. मोठ्या हॉस्पिटलच्या काउंटरवर हल्ली “किती होतील?” विचारलं की उलट प्रश्न येतो, “मेडिक्लेम आहे का?” तो प्रश्न मला ओळखीचा वाटतो.

शिवाकाका किल्ल्या घेऊन दारात उभे आहेत. प्रश्नोत्तरं बाहेर, चहापाशी. येत्या उन्हाळ्यात ज्यांची तिकिटं काढलीत त्यांनी विम्याचे कागद आणले असतील तर दाखवा. ठरीव रकमेची पॉलिसी आहे की टक्केवारीची, आणि आधीच्या आजाराबद्दल बारीक अक्षरांत काय लिहिलंय, एवढं बघून देते. आणि हा नारळ मी इथेच ठेवून जाते, अध्यक्षमहाराज, राग मानू नका. घरी आई आहे.