मीना गप्प का बसते

तर मंडळी, आत्ता आपण जो तमिळ पिक्चर बघितला, 'कोट्टुक्काळी', 2024 चा, दिग्दर्शक पी. एस. विनोदराज, त्याबद्दल थोडं बोलायचंय. हा त्यांचा दुसराच पिक्चर. पहिला 'कूळांगल', त्याला 2021 मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात टायगर पुरस्कार मिळाला होता. त्यातही रखरखीत उन्हातली पायपीट होती, पण तिकडे बाप आणि मुलगा होते, इथे एक मुलगी आहे आणि तिला घेऊन निघालेलं अख्खं खानदान.

गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. मीनाचं लग्न पांडीशी ठरलेलं आहे, तो नात्यातलाच. ती दुसऱ्या जातीच्या मुलाच्या प्रेमात आहे, आणि घरच्यांच्या मते तिला कोणीतरी काहीतरी केलंय, बाधा झालीय, म्हणून तिला एका देवऋष्याकडे न्यायचंय. बस्स, एवढंच. बायका रिक्षात, पुरुष गाड्यांवर, सोबत बळी द्यायला एक कोंबडा. बॅकग्राउंड म्युझिक अजिबात नाही, रिक्षाचं इंजिन, वारा, माणसांची बडबड, एवढ्यावर पिक्चर चालतो. अ‍ॅना बेन ही मल्याळम नटी मीना झालीय आणि ती जवळजवळ पूर्ण वेळ बोलतच नाही.

मला आज बोलायचंय ते या न बोलण्याबद्दल. कारण आपल्याकडे मुलगी गप्प बसली की लगेच म्हणतात, चला, तयार झाली, किंवा मग म्हणतात बिचारी, दबून गेली. मीना दोन्ही नाहीये. तिने जे सांगायचं ते घरात सांगून झालेलं आहे, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच, आणि कोणी ऐकलेलं नाही, मग आता पुन्हा बोलून काय होणार? ती बाहेर बघत बसते. तिचं ते बघणं नीट बघा हं, त्यात रडणं नाही, गयावया नाही, आणि मला वाटतं घरच्यांना नेमकं तेच सहन होत नाहीये. रडली असती तर समजूत काढता आली असती ना.

आणि मग तो सीन. रस्त्यात कुठेतरी गाणं वाजत असतं आणि मीना नकळत ते गुणगुणते, तेवढंच, बाकी काही नाही. पांडीच्या कानावर ते पडतं, तो रिक्षा थांबवतो आणि तिला मारायला लागतो, मग मधे पडणाऱ्या बायकांना मारतो, जो समोर येईल त्याला मारतो. पांडी झालेल्या सूरी या नटाला तमिळ प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं कॉमेडीत बघितलंय, त्याच्याकडून हे करून घेतलंय. पण मला मारण्यापेक्षाही भयंकर वाटतं ते पुढचं. सगळे पुन्हा आपापल्या जागेवर बसतात आणि रिक्षा पुढे निघते. देवऋष्याकडे जायचा बेत कोणी रद्द करत नाही, आत्ता मार खाल्लेल्या बायकासुद्धा नाही. त्या काही दुष्ट नाहीयेत, त्यांचा मीनावर जीव आहे, त्यांना खरंच वाटतंय की आपण हिचं भलं करतोय.

आणि इथे मला आपल्या महाराष्ट्राचं आठवतं. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, दोराने साखळीने बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे. चांगला कायदा आहे, आणि तो मिळवायला माणसांनी आयुष्य घातलंय. पण रिक्षातल्या मीनाकडे बघा आणि सांगा, तक्रार करणार कोण? मांत्रिकाकडे नेणारी तिची स्वतःची आई, बाप, होणारा नवरा. पोलीस स्टेशनला जाईल असं माणूस त्या रिक्षात एकही नाही. म्हणून तर अशा केसेस बाहेर यायला शेजारी लागतात, शाळेतल्या बाई लागतात, कार्यकर्ते लागतात.

रस्त्यात बैल आडवा उभा राहतो तो प्रसंगही लक्षात ठेवा, एवढे बाप्ये असून काही जमत नाही आणि एक चिमुरडी पोरगी येते आणि त्याला सहज घेऊन जाते. दिग्दर्शक त्यावर काही भाष्य करत नाही, रिक्षा पुढे जाते.

शेवटाबद्दल आत्ता मागून कोणीतरी विचारलं की असा अर्धवट का सोडला. मला तो अर्धवट वाटत नाही. पांडी देवऋष्याकडे पोचतो आणि त्यांच्या आधी आलेल्या दुसऱ्या एका पोरीवर चाललेले 'उपचार' बघतो, तो देवऋषी तिला कसा हात लावतोय ते बघतो. स्वतः मारताना त्याला काही वाटलं नव्हतं, पण परका माणूस मीनालाही असाच हात लावणार हे त्याच्या डोळ्यासमोर येतं. आता तो मीनाला घेऊन परत फिरेल का, आणि फिरला तरी तिची काळजी म्हणून की आपल्या मालकीच्या बाईला दुसऱ्याने हात लावू नये म्हणून? मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. तुमच्यापैकी ज्यांना पहिलं वाटलं असेल त्यांनी आता बोला, मला ऐकायचंय.