स्लो स्क्रूला हात लावण्याआधी

मिस्त्री मंडळी, सकाळी झेंडावंदन झालं, त्यानंतर काहींनी गॅरेजात विश्वकर्म्याची पूजा केली, आणि आता भरल्या पोटी तुम्हाला माझं ऐकायचंय. आज 17 सप्टेंबर. 1948 साली याच दिवशी मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला. गाड्यांचे स्लो स्क्रू, म्हणजे पेडल सोडल्यावर इंजिन किती हळू चालावं ते ठरवणारे स्क्रू, मात्र आपल्या पान्याच्या तावडीतून अजून सुटले नाहीत. हसताय, पण पुढच्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी या आठवड्यात एक तरी फिरवला असेल.

विषय दिलाय जुन्या पिकअपच्या अधूनमधून रेस होण्याचा, म्हणजे पेडल न दाबताच इंजिनाचा वेग चढण्याचा. यातला 'अधूनमधून' हाच खरा त्रास. कायमचा बिघाड सरळ असतो, तो समोर उभा राहतो. हा दुसरा म्हणजे साहेब तपासणीला आले की शाळेतली पोरं बसतात तसा. गिऱ्हाईक सांगतं गाडी बोंबलते, आणि आपल्या दारात ती सातशे-आठशे आरपीएमवर शहाण्यासारखी चालते. मग काहीतरी केल्याशिवाय पैसे कसे मागायचे? म्हणून स्क्रू फिरवायचा.

2016 चा उन्हाळा इथे कोणी विसरलेलं नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तो उन्हाळा. औसा रोडकडच्या एका शेतकऱ्याकडे जुनी डिझेल पिकअप होती. मागे 1000 लिटरची टाकी, म्हणजे नुसतं पाणीच एक टन. तो दिवसभर वस्त्यांवर पाणी टाकायचा. माझ्याकडे आला तो वैतागूनच. म्हणाला, "मिस्त्री, गाडी मनानंच रेस व्हलाली. पेडलवर पाय न्हाई, तरी बोंबलती."

बॉनेट उघडलं. स्लो स्क्रूचं डोकं पार गोल झालेलं, पाना धरेना. माझ्याआधी चार जणांचे हात लागून गेले होते. प्रत्येकानं स्लो थोडा थोडा उतरवलेला. तरी दुपारी रेस होतेच, आणि वर सकाळी गार इंजिन धरत नाही, बंद पडतं. मग या गड्यानं काय करावं? सकाळी गाडी गरम होईपर्यंत पेडलवर वीट ठेवायची! सीटखाली ती वीट नीट पोत्यात गुंडाळून ठेवलेली. मी विचारलं, मालक, वीट कशाला? तर म्हणे, मागच्या मिस्त्रीनंच सांगितलं. मंडळी, आपल्या धंद्याची ही वीट आहे. मला त्या माणसाचा नाही, तुमचा-माझा राग आला.

मी पाना खाली ठेवला आणि एकच विचारलं, कधी होतं? तो म्हणाला, टाकी भरून चढ चढून आलो की. ठीक. टाकी भरून या म्हटलं. तो तासाभरानं आला, गाडी लिंबाखाली उभी केली, आणि पाच मिनिटांत आवाज चढला. बंद करू नका म्हटलं, आणि वाकून पाहिलं. हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या तोंडाशी बटरफ्लायची, म्हणजे हवेच्या झडपेची, लिव्हर आपल्या स्टॉप स्क्रूवर, म्हणजे त्याच स्लो स्क्रूवर, टेकलेली. मध्ये बसच्या तिकिटाचा कागद घालून बघितला, जाईना. म्हणजे पेडल, रेस केबल, स्प्रिंग, सगळे निर्दोष सुटले. लिव्हर स्लोवर आहे, तरी इंजिन धावतंय.

त्या गाडीच्या डिझेल पंपावर व्हॅक्युम गव्हर्नर होता, म्हणजे हवेच्या ओढीनं इंजिनाचा वेग आवरणारा. नवीन पोरांनी बघितला नसेल, म्हणून सांगतो. बटरफ्लाय बंद झाली की तिथल्या अरुंद गळ्यात, व्हेंच्युरीत, ओढ तयार होते, ती पाइपातून डायफ्रामच्या पडद्यापर्यंत जाते, आणि डायफ्राम रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, कमी डिझेलकडे खेचून धरतो. समोरून स्प्रिंग जास्त डिझेलकडे ढकलत असते. ओढ कुठे फुटली, की स्प्रिंग जिंकते. मी पाइपावरून बोट फिरवत गेलो. गव्हर्नरच्या टोकाशी, क्लिपच्या मागे, खालच्या बाजूला नखाएवढी चीर. चिमटीत दाबली, इंजिन शांत. सोडली, बोंब. पुन्हा दाबली, शांत. तो शेतकरी माझ्या बोटांकडे बघत राहिला. गार असताना रबर आवळून बसतं, तापलं की सैल पडतं आणि चीर उघडते. सकाळी चार गॅरेजांना ती कशी दिसणार?

वीतभर पाइप बदलला, तो दहा मिनिटांत. चौघांनी बिघडवलेला स्लो जागेवर आणायला तास गेला.

जाता जाता एक. फिरत्या वजनांचा गव्हर्नर जेम्स वॅटनं 1788 साली वाफेच्या इंजिनाला लावला. आपल्या मेकॅनिकल गव्हर्नरची वजनं त्याचीच पोरं. असो. चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत म्हणे, आणि पद्धत तर अजून सांगायचीच आहे.

तर घाईत ऐका. रेस चढलेली असताना लिव्हर आणि स्टॉप यांच्यात फट आहे का, एवढंच आधी बघा. फट असेल तर दोष पंपाबाहेर आहे. पायपुसणं पेडलखाली सरकलेलं, केबलीत काळ्या मातीची धूळ, आणि तिच्यावर कोणीतरी ग्रीस चोपडून केलेला लगदा, थकलेली स्प्रिंग. इंजिन माउंटिंग तुटलेलं असलं तरी इंजिन हलून केबल ओढतं, हे नव्वद टक्के लोक बघत नाहीत. टक्के माझे, मनचे.

फट नसेल तर पंपाकडे जा. व्हॅक्युमवाला असेल तर इंजिन बंद करून पंपाची स्टॉप लिव्हर, म्हणजे इंजिन बंद करायची लिव्हर, ओढा, पाइपाचं तोंड बोटानं दाबा आणि लिव्हर सोडा. रॅक थोडा सरकून थांबला तर डायफ्राम चांगला, सरसर परत आला तर फाटका. एकसारखं चढउतार होत असेल तर ते हंटिंग, तिथे डिझेल लाइनीत हवा शोधा. टर्बोवाल्या गाडीत सीलमधून ऑइल आत जाऊनही इंजिन धावतं, तिथे मजा बघत उभं राहू नका, टॉप गिअर टाकून ब्रेकवर बंद पाडा.

डिझेल इंजिन जादा डिझेलनं रेस होतं, पेट्रोलचं उलटं. तिथे जादा हवाच रेस वाढवते. आणि इंजेक्शनवाल्या गाडीत रेडिएटरचं पाणी कमी झालं, तापमानाच्या सेन्सरपाशी हवेचा फुगा अडकला, की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गार आहे, आणि तो रेस चढवतो. आपल्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी ओततात, कूलंट नाही. त्यावर वेगळं बोलायला लागेल.

चहा आलाय. खाली दोन पिकअप उभ्या आहेत ना? मालकांनी इंजिन गार व्हायच्या आत मला बोलवा.