हातात येतात चौदा हजार

[दृश्य: पहाट. तालुक्याच्या गावचं शाळेचं मैदान. धावणारी मुलं-मुली.]

पहाटेचे साडेपाच. जालना, बीड, परभणी, हिंगोली, जिल्हा कुठलाही घ्या, तालुक्याच्या मैदानावर या वेळेला भरतीची पोरं उतरलेली असतात.

पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. सगळ्यांचं लक्ष घड्याळावर. गोळा मात्र मागे राहतो. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. तो गावात नसतो, म्हणून दगडावर सराव होतो. दगड हातात वेगळा बसतो, आणि खऱ्या ग्राउंडवर गोळा बोटांतून निसटतो. मैदान नसेल तिथं डांबरी रस्त्यावर धावणं चालतं. मग नडग्या धरतात आणि ऐन भरतीच्या महिन्यात पाय बसतो. गोळा वर्गणीतूनही येतो. धावायला मातीचा रस्ता शोधावा. ही एवढी काळजी घेतली तरी हकनाक जाणारे गुण वाचतात.

२०२४ मध्ये झालेल्या भरतीत जागा होत्या १७,४७१. अर्ज आले १७ लाखांहून जास्त. एका जागेमागे शंभर जण. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज दहा लाखांवर, आणि खुल्या गटाचं शुल्क १,००० रुपये. मेहनतीला ही पोरं कमी पडत नाहीत. जागाच कमी आहेत. म्हणून भरतीची तयारी करताना दुसरी वाट हातात असलीच पाहिजे, आणि तीही विशीतच.

[दृश्य: सोयाबीनची गंजी, मळणीयंत्र.]

घरची शेती ही वाट आता पुरत नाही. एकरी सात क्विंटल उतारा धरला आणि ४,२०० चा भाव धरला, तर २९,४०० रुपये येतात. त्यातून बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, काढणी आणि मळणी वजा करा. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ होता. बाजारात त्याच्या खालीच सौदे होत राहिले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर कित्येकांचं उभं पीकच गेलं. दोन-तीन एकरांच्या घरातला एक पोरगा मग बॅग भरतो आणि संभाजीनगरजवळच्या वाळूजला, कारखान्यांच्या वसाहतीत येतो.

[दृश्य: वाळूज एमआयडीसी. शिफ्ट सुटण्याची वेळ.]

वाळूजमध्ये काम मिळतं. प्रश्न असतो ते कुणाच्या नावावर मिळतं हा. गेटवर कंपनीची पाटी असते, पगार ठेकेदार देतो. गावात सांगताना ‘सोळा हजारांवर लागला’ असं सांगितलं जातं. ती सोळा हजारांची पगाराची स्लिप उघडून पाहू.

बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,००० धरू. त्यावर १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी), म्हणजे १,५६०. ईएसआय (कामगार विमा) पूर्ण पगारावर पाऊण टक्का, म्हणजे १२०. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. हातात आले १४,१२०. चौघांत खोली घेतली तर वाट्याला दीड हजार, मेसचे तीन हजार, जाण्यायेण्याचे आणि मोबाईलचे हजार-बाराशे. गावी पाठवायला आठ हजार उरतात, पण महिनाभर आजारपण आलं नाही आणि गाडीचा हप्ता नसला तरच.

स्लिपवर ‘मालकाचा वाटा’ ही ओळ नीट वाचायची. मालकही १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. काही ठेकेदार कबूल केलेल्या पगारातूनच दोन्हीकडचे बारा-बारा टक्के कापतात. हे बेकायदा आहे. आणि काही जण कापतात, पण भरत नाहीत. हे कळायला एकच उपाय: उमंग या सरकारी ॲपवर दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडायचं. स्लिपवरचा आकडा पासबुकात दिसला नाही, तर दुसऱ्या महिन्यातच ठेकेदाराला विचारायचं. वर्षाने विचारलं तर तो ठेकेदारच जागेवर नसतो.

ईएसआयचे १२० रुपये वाया गेले असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मालक त्यात सव्वातीन टक्के घालतो, आणि नोंदणी झाल्यापासून कुटुंबाच्या उपचारांचा हक्क सुरू होतो. गावाकडच्या आई-वडिलांची नावं अवलंबितांत टाकायची राहून जातात, आणि त्यांना दवाखान्यात नेल्यावर ते लक्षात येतं.

[दृश्य: प्रेस शॉप. दोन हातांनी दाबायची बटणं.]

आता प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या विभागातल्या पोरांसाठी. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे डायखाली (साच्याखाली) हात राहत नाही. समोर प्रकाशाच्या पडद्याचा सेन्सर असतो; हात मध्ये आला की प्रेस थांबते. उत्पादन वाढवायला एक बटण पट्टी लावून दाबून ठेवतात, सेन्सर बंद करतात. बोटं तिथंच जातात. अशा मशीनवर उभं राहायचं नाही. सुपरवायझरला सांगायचं आणि सोबत्यांसमोर सांगायचं. अपघात झालाच तर कामावरच्या दुखापतीला ईएसआयचा लाभ पहिल्या दिवसापासून लागू आहे, पण अपघाताच्या नोंदवहीत नोंद हवी. ‘घरी पडलो’ असं लिहून दिलं की तो हक्क गेला.

मग येतो ब्रेक. अकरा महिने झाले की काम थांबतं, पुन्हा बोलावलं जातं ते बऱ्याचदा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. तो नवा यूएएन (कामगाराचा पीएफ नंबर) काढतो आणि जुन्या खात्यातले पैसे तिथंच अडकतात. यूएएन आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी जुनाच नंबर द्यायचा. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते. आधार, मार्कमेमो आणि पीएफ या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे. काम सुटल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ही दोन कलमं तोंडपाठ असावीत.

[दृश्य: आयटीआयची कार्यशाळा.]

आयटीआय झालेल्यांनी ‘ट्रेनी’ या शब्दाला भुलू नये. अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, त्याला नंबर असतो, आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. नंबर नसेल तर ते प्रशिक्षण नाही, कमी पगाराचं काम आहे. २०२४ मध्ये टोयोटा आणि एथर यांनी संभाजीनगरसाठी मोठ्या प्रकल्पांची घोषणा केली. असे कारखाने उभे राहतात तेव्हा भाव येतो तो रोबोट आणि पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कंट्रोलर) सांभाळणाऱ्या हातांना. ते शिकायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात आत्ता करायला हवी.

[दृश्य: बाजारपेठ, अर्धं उघडलेलं शटर.]

गावातच धंदा टाकायचा म्हटलं तर मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, १५ लाखांपर्यंतच्या कर्जाची. महामंडळ कर्ज देत नाही, कर्ज बँक देते. महामंडळाच्या पोर्टलवरून मिळालेलं पात्रता पत्र घेऊन बँकेत गेलं की बँक सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद पाहते. कधीकाळी मोबाईल ॲपवरून घेतलेलं आणि थकवलेलं पाच हजारांचं कर्ज तिथं पुढे येतं आणि दहा लाखांची फाईल मागे जाते. ते आधी फेडून ना-हरकत दाखला घ्यायचा, सिबिलमध्ये दुरुस्ती दिसू द्यायची, मगच अर्ज करायचा. परतावा फक्त व्याजाचा असतो, तोही वेळेवर भरलेल्या हप्त्यांवर. पहिले सहा महिने हप्ता भरता येईल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि मगच शटर वर करावं.