पांझरेखालून जाणारं पाणी

माणसं पुलावरून नदी ओलांडतात. पाटाच्या पाण्याला नदी ओलांडायची असेल तर?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे दातर्ती गाव. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक तरुण असिस्टंट इंजिनिअर रुजू झाले. आदल्याच वर्षी पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या नंबराने पास झालेले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खान्देशात त्यांच्याकडे काम आलं ते इथलं: पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकायचा आणि पाणी पलीकडे काढायचं. सायफन.

गवंड्याची लेव्हलची नळी पाहिलीय ना? मधे कितीही खाली सोडा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत येऊन थांबतं. आता एक तोंड जरासं खाली धरा, पाणी वाहायला लागतं. नदीखालचा नळ तेच करतो. ना मोट, ना पंप.

पण पावसाळा लागला, पांझरेला पूर आले, काम अडलं. पावसाळ्यानंतर करू, असं त्यांनी वर कळवलं. साहेबांना ते रुचलं नाही. तेव्हा भर पावसाळ्यातच पुन्हा उभे राहिले आणि काम तडीस नेलं. नोकरीची ती सुरुवात होती. भारतरत्न मिळायला १९५५ उजाडायचं होतं.

आणि ही नदी काही पाण्याच्या कामाला नवखी नव्हती. खडक बघून घातलेले दगडी बंधारे पांझरेवर त्याच्याही कितीतरी आधीपासून होते. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे भिजणाऱ्या शेतांचे मोठे पट्टे. सगळ्या शिवाराचे बहुधा चार फड. एका फडात एकच पीक, यंदा इथे ऊस तर पुढच्या साली दुसरीकडे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. म्हणजे पाणी कमी पडलं तर ते सगळ्यांनाच कमी पडणार! मला तर ही सर्वांत देखणी रचना वाटते. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. बाप गेला की मुलगा बांधावर. घराणीच्या घराणी पाण्यामागे चालली.

म्हणून रस्त्याच्या कडेला दगड उभा करायचा, तर वर विश्वेश्वरय्यांचं नाव आणि १८८४ कोरावं. खाली, तेवढ्याच ठळक अक्षरांत: पांझरेचे बंधारे बांधणारे, आणि पाटकरी.