जॉन जोन्सचं मंगळावरचं घर

परग्रहावरून आलेला सुपरहिरो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सुपरमॅनच येणार. येऊ द्या, पण आज मी त्याच्याबद्दल बोलणार नाहीये. सुपरमॅन पृथ्वीवर आला तो तान्हा. कॅन्ससच्या शेतकरी जोडप्याने त्याला वाढवलं, त्याची बोली तिथली, सवयी तिथल्या. मला बोलायचंय ते थोराड वयात येऊन पडलेल्याबद्दल. मंगळावरून आलेल्या मार्शियन मॅनहंटरबद्दल.

नोव्हेंबर १९५५ ची तारीख असलेला ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २२५ वा अंक. मुखपृष्ठ बॅटमॅनचं, पहिली गोष्ट बॅटमॅनची. हा बिचारा मागच्या पानांत. लिहिणारा जोसेफ सॅमॅकसन, मूळचा जीवरसायनशास्त्रज्ञ, आणि चित्रं जो सर्टाची. डॉक्टर एर्डेल नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ आपलं यंत्र चालू करतो आणि त्याच्या प्रयोगशाळेत हिरव्या कातडीचा, पुढे आलेल्या कपाळाचा, निळी केप घातलेला कुणीतरी धडधडीत उभा राहतो. एर्डेल त्याला बघतो आणि धक्क्याने तिथेच मरतो.

इथे जरा थांबा. हा काही पृथ्वी जिंकायला आलेला नाही, त्याला चुकून ओढून आणलंय. यंत्र समोर आहे, वर मंगळ शाबूत आहे, घरही तिथेच आहे. फक्त यंत्राची किल्ली ज्याला ठाऊक होती तो जमिनीवर पडलाय. परतायचं तर कसं?

मग तो जे कुणीही करेल तेच करतो. नोकरी बघतो. रूप बदलायची विद्या त्याच्याकडे आहेच, गोरा अमेरिकन होतो. मूळ नाव जॉन जॉन्झ, त्याचं जॉन जोन्स करतो. (अमेरिकेत ज्ञानेश्वरचा डॅन होतो, तसंच.) आणि पोलिसात डिटेक्टिव्ह म्हणून लागतो. उडता येतं, अदृश्य होता येतं, पण सुरुवातीची काही वर्षं हे सगळं लपवून मुकाट्याने चोर पकडतो. एकच दुखरी जागा, आग. साध्या ज्वाळेपुढे गडी गळून जातो. १९६० मध्ये जस्टिस लीग, म्हणजे सुपरहिरोंची टोळी, सुरू झाली तेव्हा पहिल्या सातांत हाही होता.

आता मंगळाकडे वळू. आपल्याकडे मंगळ पत्रिकेत बसतो आणि ठरलेली लग्नं मोडतो. अमेरिकेत मात्र पर्सिव्हल लॉवेलने ॲरिझोनातल्या दुर्बिणीतून मंगळावर कालवे पाहिल्याचं सांगितल्यापासून लोकांच्या मनात तिथे वस्ती होती. शास्त्रज्ञांनी ती कल्पना बरीच आधी बाजूला ठेवली होती, पण कॉमिक्सवाल्यांना ती सोयीची होती. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने जेमतेम बावीस फोटो पाठवले, त्यातला शेवटचा अर्धवट. कालवे नाहीत, काही नाही. चंद्रासारखे खड्डे, आणि हवा इतकी विरळ की श्वास घ्यायची सोयच नाही.

मला तरी वाटतं, त्या बावीस फोटोंनी आपल्या जॉनचं घर पाडलं. १९६९ मध्ये डेनिस ओ’नीलने लिहिलेल्या जस्टिस लीगच्या एका अंकात मंगळ यादवी युद्धात बेचिराख झालेला दिसतो आणि हा उरलेल्या मंगळवासीयांचा शोध घ्यायला निघून जातो. पुढे १९८८ मध्ये जे. एम. डिमॅटिस आणि मार्क बॅजर यांनी चार अंकांच्या मालिकेत ही जुनी गोष्टच बदलली आणि घाव आणखी खोल नेला. एर्डेलच्या यंत्राने याला नुसतं अंतराळातून आणलं नव्हतं, काळातूनही ओढलं होतं. याची बायको, याची मुलगी, अख्खी जमात साथीत कधीच संपली होती. १९५५ मध्ये रस्ता बंद होता. आता रस्त्याच्या पलीकडे कुणी नव्हतंच. आगीची ती कमजोरीही बरीचशी मनातली निघाली. आपल्या माणसांच्या मरणाची आठवण ज्याच्या मनात ज्वाळेशी जोडली गेली, त्याला ती बघवेल कशी? तीस-बत्तीस वर्षांपूर्वी केवळ कथानकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या गोष्टीला डिमॅटिसने असा अर्थ दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि हाच डिमॅटिस त्याच सुमारास कीथ गिफनबरोबर जस्टिस लीगची विनोदी मालिका लिहीत होता. तिथे जॉन सगळ्यांचा गंभीर, वैतागलेला मोठा भाऊ. त्या मालिकेत त्याला एक व्यसन लागतं, ओरिओ बिस्किटांचं. जगातला सगळ्यात एकटा जीव पुडा उघडून बसलाय, आणि पोरं त्याची बिस्किटं लपवून ठेवतायत.