मजुरी हाती पडली की

नमस्कार, श्रोतेहो. वेचणीचे दिवस आहेत. दव वाळलं की बाया वावरात पोचतात अन् दिवस कलला की कापूस तोलून घेतात. आज त्यांच्या मजुरीचा हिशेब मी माझ्या दुकानाच्या वहीतून मांडणार आहे.

तीस वर्षं गावात किराणा विकला. बाजाराच्या आदल्या दिवशी मजुरी हाती पडली, की पावशेर तेल नेणारी बाई किलोभर नेई. मुकादमानं दोन हप्ते चुकारा लांबवला की माझी वही भरे, आणि मग मी शहरातल्या ठोक व्यापाऱ्याला तोंड चुकवत फिरे. मजुराचा रुपया फार लांब जात नाही. चक्की, शिंपी, पोराची वही, झालं.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. पुढे १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक, आणि बाई असो की पुरुष, दर एकच. खर्चासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला. शहराचा पैसा असा खेड्यात आला. त्यातून बंधारे, पाझर तलाव उभे राहिले. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. "नाही परवडत तर मी हमीच्या कामावर जातो," एवढं म्हणायची सोय झाली, की वावराच्या धुऱ्यावर दर ठरवताना मजुराची मान खाली राहत नाही.

कास्तकार म्हणतील, "कापसाले भाव नाही, मजुरी कुठून देऊ?" खरं आहे. चार एकरवाला तर स्वतःच अर्धं वर्ष दुसऱ्याच्या वावरात राबतो. पण बाईचे वीस रुपये कापून कापसाचा भाव चढत नाही. उलट पुढच्या वर्षी ती वीटभट्टीवर निघून जाते आणि बोंडं झाडावरच लोंबतात. मग वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून आपणच ओरडतो!

एकदा एक बाई हजेरीची चिठ्ठी घेऊन दुकानात आली. म्हणाली, "भाऊ, वाचून द्या." तिचे भरले होते सहा दिवस, मांडले होते पाच. तशीच परत गेली, भांडली, आणि सहाव्या दिवसाची मजुरी घेऊन आली. पहिली माझी उधारी चुकती केली. उरलेल्यात गूळ नेला.

तेव्हा बायांनो, अंगठा देण्याआधी हजेरी वाचून घ्या. नमस्कार.